पारशिवनीपुढचा उतार

नागपूरजवळ बेसातल्या आमच्या इमारतीमागे एक प्लॉट अजून बांधायचा राहिला आहे. तुटक्या फरशा, सिमेंटची रिकामी पोती आणि एक पळस, एवढंच तिथं आहे. वर्षभर त्या झाडाकडे कोणी पाहत नाही. फाल्गुन लागला की पानं झडतात, वाकड्या काळ्या फांद्या केशरी होतात आणि शेजारच्या बायका गच्चीवरून मोबाइलवर फोटो काढतात. "किती छान ना, टीचर," म्हणतात. मी हो म्हणते. चाळीसेक वर्षं शाळेत काढल्यावर हो म्हणायला जमतं. पण होळी होऊन झाड पुन्हा हिरवं होईपर्यंत मी त्या बाजूची खिडकी उघडत नाही.

तो रंग मी पहिल्यांदा नीट पाहिला तेव्हा मी नववीत होते. सत्तरच्या दशकाची शेवटची वर्षं. आम्ही नागपूरच्या इंदोऱ्यात राहत होतो. बाबा तिथल्याच एका शाळेत मास्तर होते. त्यांना दोन गोष्टींचं वेड होतं, शिकवणं आणि सायकल. काळी, उंच, रॉडच्या ब्रेकची त्यांची सायकल माझ्यापेक्षा वयानं मोठी होती. छप्पन साली आजोबांना चालवत नव्हतं, तर त्यांना याच सायकलीच्या कॅरिअरवर बसवून बाबांनी धम्मदीक्षेला नेलं होतं. ही गोष्ट आमच्या घरी इतक्यांदा सांगितली जायची की मला ती मी पाहिल्यासारखी वाटायची: गर्दी, पांढरे कपडे, आणि मागे दोन्ही हातांनी सीट धरून बसलेले आजोबा.

सुट्टीच्या दिवशी बाबा जंगलात जायचे. एकटेच. त्यांचे ठरलेले तीन-चार रस्ते होते: कोंढाळीकडचा, उमरेडच्या पलीकडचा आणि सगळ्यात आवडता पारशिवनीचा. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर ते या रस्त्यांचे नकाशे काढत. कुठे विहीर आहे, कुठे चढ आहे, कुठे उतरून सायकल हातात धरावी लागते, कुठल्या गावात चहा मिळतो. ट्रक जातो तो रस्ता त्यांच्या यादीत नसे. "जंगलात तोंड बंद ठेवावं," असं ते म्हणत, "म्हणजे चितळ दिसते." परत आले की त्यांच्या पायजम्याला कुसळं लागलेली असत आणि आई ती एकेक काढत बसे. त्यांना आम्ही एरवी कधी इतकं शांत पाहत नसू.

त्या वर्षी जानेवारीत बाबांनी एक जुनी लेडीज सायकल आणली, स्वतः रंगवली, नवी घंटी बसवली आणि मला म्हणाले, "रविवारी चल माह्यासोबत."

मला झालेला आनंद आज लिहितानाही जसाच्या तसा आठवतो. आमच्या गल्लीतल्या कुठल्याच मुलीला तिच्या बापानं जंगल दाखवायला नेलं नव्हतं. कामठीपर्यंतची कडुनिंबाची सावली, हातमागांचा खटखट आवाज, कन्हानच्या पुलावरून दिसणारी वाळू, आणि तिथून वळलं की हळूहळू उंच होत जाणारा मुरमाचा रस्ता. थंडी संपत आली तशी सागाची पानं गळायला लागली. सुपाएवढी मोठी ती पानं चाकाखाली पापडासारखी मोडत. मग एका रविवारी टेकडीच्या उतारावर पळस पेटलेला दिसला. मी ओरडले. बाबा मागून म्हणाले, "कुठं? कोणत्या बाजूले?" मी हात केला. ते थांबले, मान इकडून तिकडे हळूहळू फिरवत राहिले आणि मग एकदम म्हणाले, "हा. आता दिसला." मला वाटलं, झाड नीट न्याहाळायची ही त्यांची पद्धत असेल.

नियम एकच होता. "तू समोर राय, सुजा. बोलत राय. वळण आलं का घंटी वाजव, खड्डा आला का सांग." तोंड बंद ठेवा म्हणणारा माणूस आता बोलत राहा म्हणत होता, हे माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, बाबांनी मला पुढारी केलं. मी भूगोलाचा धडा म्हणायची, शाळेतल्या मैत्रिणींची भांडणं सांगायची, "बाबा, खड्डा!" ओरडायची, घंटी वाजवायची. मागून त्यांचं "हो वं, हो" येत राहायचं.

लक्षात यायला हव्या होत्या अशा गोष्टी पुष्कळ होत्या. उजाडून ऊन वर आल्याशिवाय ते आताशा निघत नसत. दाराच्या चौकटीला त्यांचा खांदा लागे. पाण्याचा पेला ते टेबलावर ठेवायला जात आणि तो काठावरून खाली पडे. सहामाहीचे पेपर त्यांनी माझ्याकडून वाचून घेतले होते. "तू वाच, मी मार्क सांगतो, तुहाही अभ्यास होईल." नकाशांतली अक्षरं बोटभर मोठी झाली होती. मी यातलं सगळं पाहिलं आणि यातलं काहीच जोडलं नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला आपला बाप म्हातारा होतोय एवढंच कळतं, आणि तेही ती विसरून जाते.

वार्षिक परीक्षेच्या थोडं आधीची गोष्ट. शनिवारी सकाळची शाळा आटोपून आम्ही दुपारी निघालो आणि पारशिवनीला बाबांच्या जुन्या मित्राकडे मुक्काम केला. रविवारी ऊन वर आल्यावर चहा पिऊन पुढे निघालो. पुढचा रस्ता मी कधी पाहिला नव्हता. बाबांनीही तो दोन-तीन वर्षांत केला नव्हता. टेकडी चढून जायची, मग लांब उतार, खाली नाला. चढावर आम्ही उतरून सायकली हातात धरून चालत होतो. मोहाचा वास आला होता, गोड आणि जड, डोकं दुखवणारा. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडांखालचा पाचोळा लोकांनी जाळला होता, त्याचा धूर कुठेकुठे जमिनीसरपट फिरत होता.

बाबा म्हणाले, "सुजा, दहावी झाली का तू डी.एड. कर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी सायन्सला जाणार, कॉलेजात जाणार, हे मी पाचवीत असल्यापासून त्यांनीच ठरवलं होतं. पाहुण्यांसमोर ते सांगत. आमच्या घराण्यातली कॉलेजात जाणारी मी पहिली मुलगी होणार होते.

"पण तुम्हीच त म्हणत होते सायन्स घे म्हणून."

"म्हणत होतो. आता डी.एड. म्हणतो. दोन वर्षांत नोकरी लागते."

"मले नाही लागत नोकरी. मले शिकायचं आहे."

"तेही शिकणंच होय, बाई."

"काहून पण? काय झालं?"

"काही नाही झालं. माणसानं लवकर आपल्या पायावर उभं राहावं."

"तुमची आहे ना नोकरी?"

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. "आहे," म्हणाले. बस. त्या क्षणी त्यांनी सांगितलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. माथ्यावर पोहोचेपर्यंत मी रडून घेतलं, त्यांना दिसणार नाही अशा बेतानं. ते लपवायची गरज नव्हती, हे मला माहीत नव्हतं.

माथ्यावर आम्ही सायकलीवर बसलो. "चल," ते म्हणाले. "समोर राय."

मी पुढे निघाले. आणि ठरवलं, एक शब्द बोलायचा नाही.

सायकल उताराला लागली. पायडल मारायची गरज नव्हती. दोन्ही बाजूंना निष्पर्ण साग, पांढरंफटक ऊन, डोळे दिपवणारा रस्ता. मागून बाबांचा आवाज आला. "सुजा?" मी बोलले नाही. थोड्या वेळानं पुन्हा, "बोलून नाही राहिली काहून वं?" मी बोलले नाही. माझं मन तेव्हा दगडासारखं झालं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या दगडाचं मला बरंही वाटत होतं. बाप विनवतो आहे आणि आपण उत्तर देत नाही, हे सुख असतं. ते मी त्या दिवशी चाखलं.

खाली नाल्याशी जांभळांची दाट राई होती. उन्हातून रस्ता एकदम काळ्या सावलीत शिरत होता आणि सावलीतच डावीकडे वळत होता. वळणावर कठडा नव्हता. "वळण आलं का?" बाबांनी विचारलं. माझा अंगठा घंटीवर होता. मी वाजवली नाही. मी वळले.

ओरडणं ऐकू आलं नाही. आधी दगड घरंगळल्याचा आवाज, मग काहीतरी जड आपटल्याचा, आणि मग नुसतं रिकामं फिरणारं चाक.

ते पुरुषभर खाली कोरड्या नाल्यात पडले होते. सायकल अर्धी अंगावर. उजवा पाय मांडीपासून जिथे वळू नये तिथे वळला होता. कपाळावरून रक्त कानाकडे चाललं होतं. चष्मा गेला होता आणि डोळे सताड उघडे होते. मी धडपडत उतरले, त्यांच्या खांद्याशी गुडघे टेकून बसले. माझा श्वास त्यांच्या गालाला लागत असेल, इतकी जवळ मी होते.

"सुजा," ते समोर आभाळाकडे पाहत म्हणाले, "कुठं आहेस तू?"

"इथंच आहे, बाबा."

त्यांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि हात पुढे केला. बोटं माझ्या तोंडावर आली, नाकावरून, भुवयांवरून फिरली. तेव्हा मला कळलं. पळस, पेला, पेपर, बोलत राय, सगळं एकाच वेळी कळलं.

मोहफुलं वेचणारी एक म्हातारी माझं रडणं ऐकून वर काठावर आली. डोक्यावर टोपली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. "कोण पडलं वं?" तिनं विचारलं, खाली आली, सायकल उचलून बाजूला फेकली आणि बाबांच्या पायाकडे एकदा पाहून मला म्हणाली, "पाय हालवू देऊ नको. पाणी दे घोटघोट. मी बैलबंडी घेऊन येतो." टोपली तिथेच ठेवून ती गेली. चुकत नसेन तर मैलभर दूर होती तिची वस्ती. इतक्या भराभर चालणारी म्हातारी मी नंतर कधी पाहिली नाही. तिचं नाव मी विचारलं नाही. टोपलीतल्या फुलांवर माश्या बसत होत्या.

बंडी येईपर्यंत आम्ही दोघंच. दुखण्यानं बाबांचे ओठ पांढरे पडले होते, पण ते शुद्धीवर होते. वरच्या मोहावरून अजून चुकार फुलं पडत होती. मग बाबा म्हणाले, "तुह्या सायकलीची घंटी बिघडली होती का?"

मी म्हटलं, "हो, बाबा."

"बरं," ते म्हणाले.

नागपूरला सरकारी दवाखान्यात पोहोचायला संध्याकाळ झाली. पाय प्लॅस्टरमध्ये गेला. मग एका तरुण डॉक्टरनं त्यांच्या डोळ्यांपुढे बॅटरी धरली, बोट हलवलं आणि दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं. काचबिंदू. दोन्ही डोळे. मध्ये एक नळीएवढं दिसत होतं, तेही उन्हातून सावलीत गेलं की विझायचं. "केव्हापासून?" डॉक्टरनं विचारलं. बाबा म्हणाले, "दोन वर्षं झाली असतील." गेलेली नजर परत येत नाही, आधी आले असते तर उरलेली तरी राखता आली असती, असं त्यानं सांगितलं. बाबांनी मान हलवली, मुलांचं चुकलेलं उत्तर ऐकताना हलवत तशी.

मी बाहेर व्हरांड्यात आईला विचारलं, "तुले माहीत होतं?"

आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं नाही म्हणावं म्हणून मी तिच्या तोंडाकडे पाहत होते.

"माहीत होतं," ती म्हणाली. "ते जंगलात जाणं सोडून नव्हते राहिले. किती सांगितलं. मग मीच म्हटलं, जाता त पोरीले समोर ठेवून जा."

"अन् मले नाही सांगितलं?"

"तू शाळेत बोलली असती. शाळेत समजलं असतं त नोकरी गेली असती."

नोकरी गेलीच. पाय जुळला तो आखूड जुळला. रजा संपली, आणि शाळेनं हार घालून बाबांना निरोप दिला. त्याच उन्हाळ्यात एकदा ते खाटेवर बसले असताना म्हणाले, "तुही सायकल आत आण वं." मी आणली. त्यांनी हँडल चाचपलं, घंटीपाशी आले, अंगठ्यानं दांडी दाबली. घंटी खणखणीत वाजली. आई स्वयंपाकघरातून डोकावली. बाबांनी पुन्हा एकदा वाजवली, मग हात काढून घेतला. "ठेवून दे," म्हणाले. मी सायकल बाहेर नेली आणि भिंतीआड उभी राहिले, किती वेळ ते आठवत नाही.

मी दहावी झाले, डी.एड. केलं. नरखेड तालुक्यातल्या एका गावात पहिली नोकरी लागली. संत्र्यांच्या बागा, विहिरीवरच्या मोटरीचा आवाज, दिवसातून तीन वेळा येणारी एस.टी. मुलं चांगली होती. मी वाईट शिकवलं नाही. विज्ञानाच्या तासाला मात्र आवाज थोडा चढे, असं एका सहकारी बाईंनी मला सांगितलं होतं. पुढे बदली होऊन नागपुरात आले, लग्न झालं, मुलगी झाली. बाबा एकोणीस वर्षं समोरच्या खोलीत खुर्चीवर बसले. नळीतलं ते दिसणंही चार वर्षांत गेलं. फाल्गुनात ते विचारत, "फुलला का पळस?" मी म्हणायची, "फुलला."

एका वर्षी मी त्यांच्याजवळ बसून पेपर तपासत होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. बाहेर वारा सुटला होता, पाचोळा गल्लीतून वाहत होता. का कोण जाणे, मी लाल पेन खाली ठेवलं.

"बाबा, त्या दिवशी घंटी चांगली होती."

"माहीत आहे मले."

"मी मुद्दाम वाजवली नाही."

"तेही माहीत आहे."

त्यांनी चेहरा माझ्याकडे केला नाही. "मीही मुद्दामच नव्हतं सांगितलं, सुजा. तुले समोर ठेवलं अन् तुले सांगितलं नाही का तू माहे डोळे आहेस म्हणून."

"काहून नाही सांगितलं? नोकरीसाठी?"

"नोकरीचं आई म्हणत होती. तुले सांगितलं असतं त तू मले जाऊ दिलं नसतं. मले एक उन्हाळा अजून पाह्यचं होतं जंगल."

मला त्यांचा राग आला. अठरा वर्षांचा साचलेला आला. पोरीच्या खांद्यावर स्वतःचा जीव ठेवून ते जंगल पाहत होते आणि पोरीला वाटत होतं, बाबांचं आपल्यावर फार प्रेम आहे म्हणून त्यांनी आपल्याला सोबत घेतलं. मला विचारायचं होतं, तेही होतं का? थोडंतरी? पण मी विचारलं नाही. ते काय सांगतील याची भीती होती, आणि ते खरंच सांगतील याचीही. मी पेन उचललं. पुढच्या हिवाळ्यात बाबा वारले. मी त्यांना माफ केलं की त्यांनी मला, की दोघांनीही कोणाला नाही, हे मला आजही धड सांगता येत नाही. अपराधीपण आणि राग एकाच ताटात वाढलेले असतात, एक घास एकाचा, एक दुसऱ्याचा.

यंदा होळीच्या आधी मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. हा आजार रक्तात उतरतो, म्हणून दरवर्षी जायला हवं होतं. दोन वर्षं मी टाळलं होतं. तिथे एका पांढऱ्या घुमटात तोंड घालून बसवतात आणि बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायला सांगतात. मी दाबत होते. मध्येच बराच वेळ दिवा लागला नाही. मला वाटलं, यंत्र बंद पडलं. मी तसं विचारलंही. यंत्र चालवणारी मुलगी म्हणाली, "नाही मॅडम, सुरूच आहे."

उजव्या डोळ्याची बाहेरची बाजू जायला लागली आहे. औषधाचे थेंब आहेत आता, रोज टाकायचे, मरेपर्यंत. डॉक्टर म्हणाल्या, उरलेलं राखू.

मी घरी आले. मुलगी कॉम्प्युटरपुढे काम करत होती. एकदा मनात आलं, तिचं काम संपू दे. मग आलं, रविवारी सांगू. मग आलं, इतक्यात कशाला, थेंब लागू पडतील. किती सहज येतात ही वाक्यं, हे त्या क्षणी मला कळलं, आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून मी तिच्यापुढे उभी राहिले.

"मला तुझ्या आजोबांचा आजार झालाय," मी म्हटलं. "आपण संध्याकाळी फिरायला जातो ना, तेव्हा गाडी येते ती मला एका बाजूनं दिसत नाही. तुला हे माहीत असायला हवं. माहीत असून यायचं असेल तर ये."

तिनं काम थांबवलं. माझ्याकडे वळून विचारलं, "कोणत्या बाजूनं?"

"उजव्या."

ती उठली, खुर्ची ओढत आणली आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली.